शिबिराच्या फॉर्ममधला नवा रकाना

मंडळाच्या आरोग्य शिबिराचा अहवाल दोन पानांत लिहून द्या, असे आपल्या चिटणीसांनी मला सांगितले होते. किती जण आले, किती जणांचा रक्तदाब वाढलेला निघाला, चहा-बिस्किटांचा खर्च कोणी उचलला, वगैरे. मी अहवालाऐवजी हे लिहून पाठवतो आहे. कारण असे की, फॉर्ममध्ये आपण एक रकाना वाढवला आहे आणि शिबिरानंतर पंधरा दिवसांनी काही जणांना मंडळाकडून फोन जातो. "हा फोन कशासाठी हो?" असे पुष्कळांनी विचारले. एकदोघांना तर रागही आला. प्रत्येकाला लिफ्टपाशी उभे राहून सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलेले बरे.

आधी एक खुलासा. मी डॉक्टर आहे तो रसायनशास्त्राचा. जेबेल अलीकडच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासणे हा माझा व्यवसाय. तरीही दर गणपतीत कोणी ना कोणी "डॉक्टर, जरा हा रिपोर्ट बघता का?" म्हणून कागद पुढे करतेच. तेव्हा पुढचा मजकूर एका मुलाने आणि एका स्वयंसेवकाने लिहिला आहे असे समजावे. औषधपाण्याचे आपापल्या डॉक्टरांनाच विचारावे.

तर गोष्ट २०२२ च्या डिसेंबरमधली. त्या वर्षीच्या शिबिराचा फॉर्म मीच तयार केला होता. चौदा रकाने होते. नाव, वय, फोन, उंची, वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, नाडी, साखर असे सगळे. आलेला माणूस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सरकत जायचा, आणि रक्तदाब किंवा साखर मर्यादेबाहेर असेल तरच त्याला शेवटी डॉक्टरांच्या टेबलापाशी बसवायचे. डॉक्टर दोनच, माणसे शंभराच्या वर, म्हणून ही चाळणी. बाकीच्यांच्या फॉर्मवर "उत्तम" असा शिक्का मारून सोडायचे. शिक्क्याची कल्पना माझीच. लोक खूश होऊन जात.

त्या रांगेत माझे वडीलही होते. अण्णा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. आई आणि ते नोव्हेंबरात व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे शारजाला आले होते. रक्तदाब १२८/८०, साखर ठीक, वजन ठीक. "तुमच्यापेक्षा तुमचे वडील तरुण आहेत," असे टेबलावरच्या भगिनी मला म्हणाल्या. अण्णांच्या फॉर्मवर तो शिक्का मी माझ्या हाताने मारला.

अण्णा एस.टी.त मेकॅनिक होते. गडहिंग्लजच्या आगारात त्यांची बरीच वर्षे गेली. आंबोली घाट चढताना गाडी दम टाकते अशी ड्रायव्हरची तक्रार आली की अण्णा इंजिन चालू ठेवायला सांगत, लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवत आणि मूठ कानाला लावत. कुठला टॅपेट वाजतो, कुठला व्हॉल्व्ह नीट बसत नाही, हे त्यांना त्या मुठीतून कळे. लहानपणी मीही तो कानाला लावून पाहिला आहे. मला नुसताच खडखडाट ऐकू यायचा. पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरांनी १८१६ साली कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला, हे पुढे कधीतरी वाचले तेव्हा मला आधी आगारच आठवले होते.

आता मागे वळून पाहिले की सगळे दिसते. संध्याकाळी आम्ही अल ममझरला समुद्राकाठी फिरायला जायचो. आधीच्या खेपेला अण्णा माझ्या पुढे चालायचे. या खेपेला प्रत्येक बाकापाशी थांबायचे. "समुद्र बघू या की जरा," म्हणायचे. मला वाटले, गडहिंग्लजच्या माणसाला समुद्राचे अप्रूप, बघू देत. नातवाला खांद्यावर घेईनासे झाले, तर म्हणाले, "तो आता जड झालाय." बाजारातून येताना पिशवी आई धरू लागली. यातले एकही लक्षण म्हणून कोणी बोलले नाही. अण्णांनी स्वतःच गाडीचा वेग कमी केला होता आणि सपाट रस्ता धरला होता. सपाटीवर चाललेल्या गाडीचा दोष कळत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

जानेवारीत एके दिवशी आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर अण्णा कोसळले. मी दोन पायऱ्या मागे होतो म्हणून डोके आपटले नाही. अर्ध्या मिनिटात डोळे उघडले आणि पहिले वाक्य, "काय नाही रे, जरा डोळ्यापुढं अंधारी आली. उपास होता ना." त्या दिवशी एकादशी नव्हती. आई म्हणाली, लिंबूपाणी देऊ आणि झोपू दे. खरे सांगायचे तर मीही तयार होतो. माझ्या पत्नीने कोणाचे न ऐकता ९९८ ला फोन लावला.

रुग्णालयात एका तरुण डॉक्टरने अण्णांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ हलवला नाही. उजव्या बाजूला गळपट्टीच्या हाडाखाली, मग मानेवर. मग मला विचारले, "यांना झडपेचा त्रास आहे हे तुम्हाला माहीत आहे ना?" मी म्हणालो, परवाच पूर्ण तपासणी झाली आहे, सगळे उत्तम आहे.

दुसऱ्या दिवशी इको झाला. हृदयातून सबंध शरीराला जाणारे रक्त ज्या दारातून बाहेर पडते ती महाधमनीची झडप, म्हणजे ॲओर्टिक व्हॉल्व्ह. निरोगी माणसात ती उघडली की तीन ते चार चौरस सेंटिमीटरची वाट होते. आपल्या इथले २५ फिल्सचे नाणे डोळ्यांपुढे आणा, साधारण तेवढी. अण्णांची राहिली होती ०.७, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी. एक चौरस सेंटिमीटरच्या खाली गेली की तिला गंभीर म्हणतात. मिनिटाला जवळजवळ पाच लिटर रक्त त्या बटणातून ढकलायचे काम हृदय मुकाट्याने करत होते. अरुंद तोटीतून पाणी जोरात फुरफुरते तसे ते रक्त सेकंदाला साडेचार मीटरपेक्षा जास्त वेगाने बाहेर पडत होते, आणि ती फुरफुरच त्या डॉक्टरांच्या कानाला आली होती. जिना चढताना शरीराने जास्त रक्त मागितले, दारातून ते जाईना, मेंदूला कमी पडले, म्हणून अंधारी.

अण्णांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे व्हॉल्व्हवर कार्बन धरलाय." जवळजवळ तसेच. फक्त कार्बन नव्हे, कॅल्शियम. माझ्या धंद्यात समुद्राचे पाणी गोडे करताना नळ्यांत धरणाऱ्या क्षारांशी रोज गाठ पडते, त्यामुळे मलाही आधी तेच चित्र दिसले. पण ते पूर्ण खरे नाही. झडपेवरचे कॅल्शियम पाण्यातल्या क्षारासारखे आपोआप साचत नाही. वयाप्रमाणे झडपेच्या पेशीच हाडासारखे वागू लागतात. हे मुद्दाम लिहितो, कारण ही हकिगत कळल्यावर निदान पाच घरांतून मला विचारणा झाली की दूध बंद करायचे का, कॅल्शियमच्या गोळ्या सोडायच्या का, इथले पाणी बाधते का. याच्या भीतीने दूध सोडायचे कारण नाही, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी झडपेचे हे आकसणे थांबते का, हेही मोठ्या चाचण्यांत पाहून झाले आहे. थांबत नाही. झडप खरोखर गंभीर अरुंद झाली आणि त्रास सुरू झाला की ती बदलणे हाच उपाय. १९६८ साली रॉस आणि ब्राउनवाल्ड या दोन अमेरिकन डॉक्टरांनी मांडलेले आकडे अजून सांगितले जातात. झडप न बदलता, छातीत दुखू लागल्यापासून सरासरी पाच वर्षे, चक्कर येऊन पडू लागल्यापासून तीन, आणि हृदय थकून दम लागू लागल्यापासून दोन. हे वाचले ती रात्र मी बाल्कनीत काढली.

पण मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते याच्या पुढचे आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी जुने कागद मागितले. गडहिंग्लजला ताईला फोन केला. अण्णांची फाइल म्हणजे विम्याच्या पावत्या, पेन्शनचे कागद, वीजबिले सगळे एकत्र. ताईने शोधून शोधून मोबाइलवर एक फोटो पाठवला. २०१८ मध्ये अण्णांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. त्याच्या आधी एका फिजिशियनकडून तपासून आणायला सांगितले होते. त्यांनी निम्म्या कागदावर लिहिले होते: ऑपरेशनला हरकत नाही. आणि खाली एक ओळ: हृदयात मर्मर ऐकू येते, टू-डी इको करून घ्यावा.

चार वर्षे आणि काही महिने तो कागद घरात होता. आई म्हणाली, "तो डोळ्यांचा कागद आहे असं वाटलं आम्हाला." डोळ्यांच्या डॉक्टरांना पहिली ओळ हवी होती, ती त्यांना मिळाली. ज्यांनी मर्मर ऐकली त्यांनी आपले काम चोख केले होते. अण्णांना डोळ्याने दिसू लागले होते आणि छातीची काही तक्रार नव्हती. ताई सासरी, मी इकडे. मी दर आठवड्याला फोनवर "तब्येत कशी आहे?" विचारत होतो आणि "झकास" हे उत्तर ऐकत होतो. दोष कोणाच्या पदरात टाकायचा?

त्या वेळेपासून मी या विषयावर जमेल तसे वाचत गेलो. आजार सापडतच नाही असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा तो सापडून हरवतो. आणि न सापडणारेही थोडे नाहीत. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या परिसरात पासष्टच्या वरच्या अडीच हजार लोकांचा इको करून पाहिला गेला. त्यांना झडपेचा आजार आहे हे आधी माहीत नव्हते. त्यांतल्या सुमारे ६.४ टक्के लोकांना मध्यम किंवा गंभीर आजार निघाला, आणि गरीब वस्त्यांत हे प्रमाण दुप्पट होते. ज्या देशात प्रत्येकाला ठरलेला फॅमिली डॉक्टर आहे तिथे ही स्थिती. आपला तर फॅमिली डॉक्टर निम्मा तिकडे आणि निम्मा इकडे.

आमच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना येतो त्यासोबत काय काय तपासायचे याची यादी येते. यादीत आर्सेनिक नसेल तर आम्ही आर्सेनिक पाहत नाही आणि अहवालात त्याचा उल्लेखही नसतो. गिऱ्हाईक मात्र "सर्व घटक मर्यादेत" हे शेवटचे वाक्य वाचून पाणी शुद्ध म्हणून फाइल बंद करते. नव्या मुलांना मी हे दरवर्षी बजावतो. आणि मीच चौदा रकान्यांचा फॉर्म करून "उत्तम" शिक्का मारत बसलो होतो. झडप बरीच बिघडेपर्यंत रक्तदाब आणि साखर बिनचूक राहू शकतात.

असाच आपला दुसरा गोड गैरसमज व्हिसाच्या मेडिकलचा. "दर दोन वर्षांनी इथे तपासणी होतेच की," असे आपण म्हणतो. त्या तपासणीत रक्त घेतात आणि छातीचा एक्स-रे काढतात तो मुख्यतः क्षयरोगासारख्या संसर्गजन्य आजारांसाठी. ती पास झाली म्हणजे हृदय तपासून झाले असे नव्हे.

अण्णांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. व्हिजिटवर येताना काढलेल्या प्रवास विम्यात आधीपासून असलेला आजार बसत नव्हता, आणि २०१८ चा कागद तर आमच्याच हातात होता. इथल्या तज्ज्ञांनी चार दिवस ठेवून, प्रवासाला हरकत नाही असे लेखी देऊन, जिना चढायचा नाही या अटीवर सोडले. विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसायला अण्णा तयार होईनात. शेवटी नातवाला मांडीवर बसवून "त्याला फिरवतोय" असे म्हणत दारापर्यंत गेले. फेब्रुवारीत पुण्याला ऑपरेशन झाले. छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून झडप बसवण्याची पद्धतही आता आहे. २००२ साली फ्रान्समध्ये क्रिबिए नावाच्या डॉक्टरांनी ती प्रथम केली, आणि आपल्याकडे वापीला तशी झडप तयारही होते. अण्णांची सगळी मापे पाहून तिथल्या डॉक्टरांनी छाती उघडूनच करायचे ठरवले. झडप धातूची की जनावराच्या ऊतीची, हा दुसरा प्रश्न. धातूची टिकते जास्त, पण रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर आणि त्यासाठी वरचेवर रक्ततपासणी. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतात अशी झडप तयार झाली आणि १९९० च्या डिसेंबरात प्रथम बसवली गेली. शेजारच्या मल्याळी मंडळींपाशी हा विषय काढून पाहा, चहा मिळतो. अण्णांच्या वयाला दुसऱ्या प्रकारची योग्य, असे ठरले. "कशाची असते?" त्यांनी विचारले. गाईच्या हृदयावरच्या आवरणाची, असे डॉक्टरांनी सांगितले. आमचे अण्णा माळकरी. खोलीत सगळे गप्प. मग म्हणाले, "माउलीच आत येऊन बसती म्हणल्यावर आपण कोण नको म्हणणारे?"

आता तुम्ही म्हणाल हा म्हाताऱ्यांचा आजार, आम्हाला काय त्याचे? मलाही तसेच वाटले होते. त्या वर्षीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी पत्नी अण्णांची हकिगत सांगत होती. ती ऐकून एक वहिनी बाजूला घेऊन म्हणाल्या, "मलाही जिन्यात असंच होतं." वय जेमतेम तीस, मूळच्या सोलापूर जिल्ह्यातल्या, राहायला करामाला. रात्री आडवे झाले की खोकला येतो म्हणून दोन उशा घेऊन झोपायच्या. दमा म्हणून पंप चालू होता, एसीचा त्रास म्हणून एसी बंद होता. पत्नीने खोदून विचारले तेव्हा निघाले की शाळेत असताना ताप येऊन गुडघे, घोटे सुजले होते आणि दर तीन आठवड्यांनी कमरेत एक दुखरे इंजेक्शन घ्यावे लागायचे.

ज्यांनी हे घरात पाहिले असेल त्यांना लगेच कळेल. घशाचा एक साधा जंतुसंसर्ग, त्यावर काही मुलांना येणारा ऱ्हुमॅटिक ताप, आणि तो ताप जाताना झडपेवर ठेवून जातो ते व्रण. सांधे बरे होतात, झडप आकसत राहते, आणि पंधरा-वीस वर्षांनी, बहुधा बाळंतपणात, दम लागू लागतो. ते इंजेक्शन म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन. त्यातले रसायन सोपे आणि सुंदर आहे. पेनिसिलिनचा असा क्षार करायचा की तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणजे स्नायूत टोचल्यावर आठवडे न् आठवडे थेंबाथेंबाने रक्तात उतरत राहतो आणि पुन्हा ताप येऊ देत नाही. आपल्या पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागले. म्हणजे ज्ञान होते, औषध होते. वहिनींची इंजेक्शने मात्र लग्न ठरल्यावर बंद झाली. त्यांच्या आईनेच फाइल माळ्यावर टाकली आणि सांगितले, सासरी बोलू नकोस. नवऱ्यालाही माहीत नव्हते. ते ऐकून तो गृहस्थ एवढेच म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी इंजेक्शन आणून दिलं नसतं का?"

त्यांचा विमा दुबईतला सर्वांत साधा, "एसेन्शियल बेनिफिट्स" म्हणतात तो. या योजनेत थेट तज्ज्ञाकडे जाता येत नाही, आधी जनरल प्रॅक्टिशनरची चिठ्ठी लागते. हे पुष्कळांना माहीत नसते. मग थेट हृदयरोगतज्ज्ञाची वेळ घेतात, काउंटरवर नकार मिळतो, पैसे स्वतः भरायचे म्हटल्यावर घरी परत येतात, आणि विषय संपतो. वहिनींबरोबर पत्नी गेली. जाताना एका कागदावर तीन ओळी लिहून नेल्या: लहानपणी सांधेसुजीचा ताप, इंजेक्शने बंद केली, आता आडवे झाल्यावर खोकला. त्या ओळी वाचून डॉक्टरांनी पंपाची चौकशी सोडली आणि स्टेथोस्कोप उचलला. त्याच दिवशी इकोची चिठ्ठी मिळाली. डावीकडची मायट्रल झडप आकसली होती. फुगा घालून ती रुंद करता येते. जपानच्या कांजी इनोये यांनी १९८२ साली ही युक्ती प्रथम केली, आणि योग्य वेळी, झडप फार खराब होण्याआधी आलेल्याला तिचा फार उपयोग होतो. वहिनी मे महिन्यात मुंबईला जाऊन करून आल्या. इंजेक्शनही पुन्हा सुरू आहे. हे त्यांना विचारून, त्यांच्या संमतीनेच लिहितो आहे.

आता फॉर्मविषयी. शिक्का मी फेकून दिला. मापांच्या टेबलापूर्वी आता तीन प्रश्न विचारतो. पहिला: गेल्या वर्षी सहज करत होता असे कोणते काम यंदा सोडले? दम लागतो का असे विचारले की प्रत्येक मराठी माणूस "छे" म्हणतो, म्हणून प्रश्न असा फिरवून ठेवला आहे. सोबत आलेल्या सुनेने किंवा नातवाने उत्तर दिले तर जास्त चांगले. दुसरा: चक्कर येऊन पडलात का, जिन्यात छाती भरते का, आडवे झाल्यावर खोकला येतो का? तिसरा: लहानपणी सांधेसुजीचा ताप, महिन्याची इंजेक्शने, किंवा "हृदयात आवाज आहे" असे कोणी कधी म्हणाले होते का? साठीच्या पुढचे सगळे, आणि यांतल्या एकाही प्रश्नाला "हो" म्हणणारे, डॉक्टरांच्या टेबलाकडे जातात, मग रक्तदाब काहीही असो. डॉक्टर शर्टाची दोन बटणे काढायला सांगतात आणि शांतपणे ऐकतात. शांतता मिळावी म्हणून ते टेबल आता लाउडस्पीकरपासून दूर, मागच्या खोलीत आहे. भजनी मंडळाने समजून घ्यावे.

कान हे अचूक यंत्र नव्हे, हेही सांगितले पाहिजे. तक्रार नसलेल्या माणसांत नुसत्या स्टेथोस्कोपने झडपेचा मोठा आजारही निम्म्याहून जास्त वेळा निसटतो, असे इंग्लंडमध्येच दिसून आले आहे. म्हणून त्रास असेल तर, आवाज ऐकू आला नाही तरी, आपल्या डॉक्टरांकडे इकोचा विषय काढावा. उलट, प्रत्येक आवाज म्हणजे आजार नव्हे. मुलांत, गरोदर बायकांत, रक्त कमी असलेल्यांत निरुपद्रवी आवाज येतात. घाबरून गावभर सांगत सुटू नये. ज्यांची झडप थोडीच अरुंद निघाली त्यांना डॉक्टर तीन ते पाच वर्षांनी पुन्हा इको करायला सांगतात, मध्यम असेल तर वर्षा-दोन वर्षांनी. ती तारीख त्याच दिवशी कालनिर्णयावर लिहून ठेवावी. पुढच्या वर्षीचे कॅलेंडर आले की आधी ती नोंद उतरवून घ्यावी.

आणि तो फोन. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की तिची एक प्रत, सही घेऊन, मंडळाकडे राहते. तिच्यावर फक्त नाव, फोन आणि "इको" एवढेच असते. पंधरा दिवसांनी फोन, मग सहा आठवड्यांनी दुसरा. "इको झाला का?" एवढेच विचारायचे, रिपोर्ट काय आला हे विचारायचे नाही. पहिल्या वर्षी नऊ जणांना चिठ्ठ्या दिल्या होत्या. पहिल्या फोनपर्यंत चार जण गेले होते. फोननंतर आणखी तिघे गेले. एकांनी "सुटीत गावी जाऊन करतो" असे सांगितले, आणि एकांनी मला दोन शब्द सुनावून फोन ठेवला. गावी जाऊन करतो म्हणणाऱ्यांना मी गावाकडच्या ज्या माणसाच्या हाती कागद राहणार त्याचा नंबर मागतो, यावरून ते थोडे दुखावले आहेत. मी त्यांची क्षमा मागतो, पण नंबर अजून हवा आहे.

अण्णा यंदा पुन्हा आले आहेत. ममझरला बाकावर बसतात, पण आता खरोखर समुद्र बघायला, असे त्यांचे म्हणणे. परवा त्यांनी डॉक्टरांचा स्टेथोस्कोप मागून घेतला आणि स्वतःच्या छातीला लावून बराच वेळ ऐकला. "आयडलिंग बरं आहे," म्हणाले.

पुढच्या शिबिरासाठी मागच्या खोलीत बसायला दोन डॉक्टर मिळाले आहेत, तिसरे हवे आहेत. शिवाय संध्याकाळी फोन करायला तीन स्वयंसेवक लागतील. आवाज मृदू असावा, आणि उलट उत्तर आले तरी दुसरा फोन करण्याची तयारी असावी. नावे चिटणीसांकडे द्यावीत.